हृदयाजवळ छर्रा राहिला तर तो काढलाच पाहिजे का?

भावाच्या हृदयाला लागून एअरगनचा छर्रा राहिलाय, त्रास काही नाही, डॉक्टर म्हणतात राहू दे, घरचे म्हणतात काढा. ऐकायचं कुणाचं, असं तुम्ही विचारलंय. डॉक्टरांचं. घरच्यांना चहा पाजा.

आमचं उद्यमनगरात लेथचं दुकान. धाकटा भाऊ छिन्नीवर हातोडा घालत होता. ठोकून ठोकून छिन्नीचं डोकं फुललेलं, त्याचीच कपची उडून छातीत घुसली. शर्टाला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक आणि रक्ताचा एक ठिपका. गडी म्हणतोय, "हळद लावतो, चालतंय." एक्स-रे बघितला तर कपची हृदयाच्या सावलीत! बरगड्या लख्ख दिसत होत्या, हिचीच कड तेवढी पुसट, कारण ठोक्यागणिक ती हलत होती. सीटी आणि इकोत कळलं की ती हृदयाच्या भिंतीत रुतलीय, आतल्या कप्प्यात नाही, आवरणातही रक्त साठलेलं नाही. सर्जन म्हणाले, नुसतं लक्ष ठेवू.

झालं, आमचे दाजी पेटले. "काळजात लोखंड ठेवून माणूस घरी पाठवतात होय?" फोनवर त्यांनी शोधून काढलं की दुसऱ्या महायुद्धात ड्वाइट हार्केन या अमेरिकी सर्जननं हृदयातून आणि त्याच्या आसपासून १३४ तुकडे काढले आणि एकही जवान दगावला नाही. खरं आहे, मोठाच माणूस. पण दाजी, तेव्हा सीटी नव्हतं, इको नव्हतं. आज भिंतीत घट्ट बसलेला, त्रास न देणारा तुकडा उकरायला जाणं हाच मोठा धोका ठरू शकतो. तरी दर गणपतीला "पैसे वाचवलासा" हे ऐकावं लागतंय.

आता तुमचा छर्रा नेमका कुठं आहे ते आधी विचारा. कप्प्यात सुटा असेल तर गोष्ट वेगळी: डावीकडचा मेंदूकडं किंवा हातापायात जाऊ शकतो, उजवीकडचा फुप्फुसात. सुईसारखं टोकदार असेल तर बहुतेक काढतातच. ताप, छातीत दुखणं, धाप, चक्कर यातलं काही झालं तर थांबू नका. आणि बाहेर काही रुतलेलं दिसत असेल तर ते जागेवर कधीच उपसायचं नाही.

एमआरआयच्या आधी धातूचं सांगायलाच हवं. भावाला गुडघ्यासाठी एमआरआय लिहून दिला, त्यानं कपचीचं सांगितलं, तर तो रद्द झाला. बरोबर नेमके दाजी. "काढलं असतं तर?" म्हणाले.