"ताई, आमचा मुलगा 'तसा' तर नाही ना?"

अमेरिकेत एखाद्या शाळेत गोळीबार झाला की पुढचे काही दिवस मला एकाच प्रकारचे फोन येतात. मी न्यू जर्सीत समुपदेशनाचं काम करते, आणि माझ्याकडे येणारी बरीचशी कुटुंबं मराठी आहेत. फोन बहुतेक वेळा आईचा असतो. ती हळू बोलते, कारण मुलगा शेजारच्याच खोलीत असतो. "ताई, हा सतत दार लावून बसतो. मित्र म्हणावेत असे कोणी नाहीत. काळा हूडी अंगावरून उतरत नाही. फोनवर काय बघतो, दाखवत नाही. तसा तर नाही ना होणार?" 'तसा' म्हणजे कसा, हे पुढे कुणी बोलत नाही. २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडनंतर हेच ऐकलं, २०२२ मध्ये टेक्ससमधल्या युवाल्डेनंतर ऐकलं, २०२४ मध्ये जॉर्जियातल्या अपालाची हायस्कूलनंतरही ऐकलं.

म्हणून एका मुलाबद्दल सांगते. नावं आणि ओळख पटेल असे सगळे तपशील बदलले आहेत. मुलाला अर्णव म्हणू, आईला मृणाल आणि वडिलांना समीर.

अर्णव पंधरा वर्षांचा. तो अंघोळीला गेला असताना मृणालने त्याचा टॅबलेट उघडला आणि तिचे हातपाय गळाले. कोलंबाइन, कोलंबाइन, पुन्हा कोलंबाइन. कोलोरॅडोतली ही शाळा. २० एप्रिल १९९९ रोजी तिथल्याच दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार करून बारा मुलांचा आणि एका शिक्षकाचा जीव घेतला आणि मग स्वतःला संपवलं. अर्णव त्याचे व्हिडिओ आठवडेच्या आठवडे बघत होता, तेही रात्री एक-दोन वाजता. त्याच संध्याकाळी समीरने त्याचा फोन आणि टॅबलेट काढून घेतला, कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि मुलाच्या खोलीची कडीही काढून टाकली. अर्णव चकार शब्द बोलला नाही. जेवायला खाली येणंच त्याने बंद केलं. आणि मग हे कुटुंब माझ्याकडे आलं.

पहिल्या भेटीत समीरचा प्रश्न सरळ होता. "अशा मुलांचं काही प्रोफाइल असतं ना? तुम्ही ते तपासून सांगा."

असं प्रोफाइल नसतं. कोलंबाइननंतर अमेरिकेची सीक्रेट सर्व्हिस (राष्ट्राध्यक्षांचं संरक्षण करणारी सरकारी यंत्रणा) आणि शिक्षण खातं यांनी मिळून १९७४ ते २००० मधल्या शाळांवरच्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास केला. २००२ साली त्याचा अहवाल आला. हल्ला करणाऱ्या मुलाचा ठरावीक साचा त्यांना सापडला नाही. त्यात एकलकोंडी मुलं होती, तशी चारचौघांत मिसळणारीही होती. काही अभ्यासात मागे होती, पण बऱ्याच जणांना चांगले गुण मिळत होते. काळे कपडे, मोठ्याने लावलेली गाणी आणि बंद दार यांवरून मुलगा ओळखायला गेलात तर अमेरिकेतली निम्मी पोरं संशयित ठरतील, हे मी समीरला सांगितलं.

मग कारणं काय? लोकांना एकच कारण हवं असतं. व्हिडिओ गेम, घटस्फोट, बुलिंग, आणि आता सोशल मीडिया. त्या अहवालातल्या मुलांत ७८ टक्क्यांनी आधी आत्महत्येचा विचार किंवा प्रयत्न केलेला होता. बहुतेकांच्या मनात अपमानाची किंवा अन्यायाची सल होती, खरी असो वा मानलेली. आणि ६८ टक्के घटनांत बंदूक स्वतःच्या किंवा नातेवाइकांच्या घरातून आलेली होती. मी मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड अॅडलर आणि त्यांचे शिष्य रुडॉल्फ ड्रायकर्स यांच्या विचारांवर घडलेली समुपदेशक आहे. ड्रायकर्सनी सांगून ठेवलंय की मुलाला घरात, वर्गात आपली जागा हवी असते. सरळ मार्गाने ती मिळत नाही असं वाटलं की ते लक्ष वेधून घेतं, मग जोर दाखवतं, आणि आतून फार दुखावलं गेलं की सूड घ्यायला बघतं. त्या अहवालाची पानं वाचताना मला सतत हेच आठवत होतं. जगायची इच्छा संपलेलं, सुडाने पेटलेलं मूल आणि त्याच्या हाताला लागेल अशी बंदूक. जपानमध्ये, दक्षिण कोरियात मुलं रात्रभर गेम खेळतात, फोनही तेच वापरतात. बंदूक मात्र त्यांच्या घरात नसते.

सोशल मीडियाची बाजू घ्यायचा माझा हेतू नाही. २०२३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्यावर देशाला सल्ला देणारे सरकारी डॉक्टर, विवेक मूर्ती यांनी दिलेला इशारा मी पालकांना आवर्जून सांगते: दिवसाला तीन तासांहून जास्त वेळ त्यावर घालवणाऱ्या मुलांत नैराश्य आणि चिंतेच्या तक्रारींचा धोका दुपटीने वाढलेला दिसतो. दुखावलेल्या मुलाला सोशल मीडिया दोन घातक गोष्टी आयत्या पुरवतो. एक म्हणजे आधीच्या हल्ल्याचा नमुना, आणि दुसरी म्हणजे टाळ्या वाजवणारे प्रेक्षक. कोलंबाइनच्या त्या दोघांना हिरो मानणारे गट आजही ऑनलाइन आहेत. म्हणूनच मी त्यांची नावं कधी घेत नाही, पालकांनीही घेऊ नयेत. पण १९९९ मध्ये फेसबुक जन्मालाही आलं नव्हतं. तेव्हाही त्यातल्या एकाने आपल्या वेबसाइटवर धमक्या लिहिल्या होत्या आणि त्याला ओळखणाऱ्या एका कुटुंबाने आदल्याच वर्षी पोलिसांकडे तक्रार केली होती. घराच्या झडतीसाठी अर्जाचा मसुदाही तयार झाला होता, तो न्यायाधीशांपर्यंत गेलाच नाही.

समीर हे सगळं वहीत लिहून घेत होता. मृणालच्या मनात मात्र प्रश्न एकच. "पण ताई, मग हा ते बघतो कशाला?"

मग मी अर्णवशी एकट्याशी बोलायला लागले. सुरुवातीच्या भेटींत तो हूडीची दोरी दातांत धरून बसायचा आणि "आय डोन्ट नो" एवढंच म्हणायचा. मी त्याला 'का' विचारत नाही. 'का' विचारलं की मुलाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं वाटतं. आम्ही त्याच्या गेमबद्दल बोललो, सांगलीच्या आजीबद्दल बोललो, शाळेतल्या लॉकडाउन ड्रिलबद्दल बोललो, म्हणजे हल्लेखोर शाळेत शिरला तर काय करायचं याची तालीम. ड्रिलचं त्याने फार बारकाईने सांगितलं. बाई दाराच्या काचेवर काळा कागद लावतात, दिवे घालवतात, सगळे कोपऱ्यात जमिनीवर बसतात. मग बाहेरून कुणीतरी दाराचं हँडल हलवून बघतं. "आमच्या मॅथच्या वर्गातला कोपरा चुकीचा आहे," तो म्हणाला. "खिडकीतून दिसतो."

हे त्याच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं होतं की मला तिथे धागा दिसला.

"अर्णव, ते कोलंबाइनचे व्हिडिओ बघतोस, त्यात तू नेमकं कुणाकडे बघत असतोस?"

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "टेबलाखाली लपलेत ना, त्यांच्याकडे. कॅफेटेरियाचा व्हिडिओ आहे. कोण किती वेळ थांबतं, कोण कुठल्या दाराने पळतं, ते बघतो."

त्याच्या आईला वाटत होतं की मुलगा बंदूकवाल्यांकडे बघतोय. मुलगा टेबलाखालच्या पोरांकडे बघत होता. जगायचं कसं याचा तो रात्र-रात्र अभ्यास करत होता. समोरच्याची नजर कुठे आहे हे न विचारता आपण त्याच्या मनात काय आहे ते ठरवून टाकतो. इतक्या वर्षांच्या कामाने मला एवढं नक्की शिकवलंय की नजर विचारावी आणि मग गप्प बसावं. मी गप्प बसले.

बराच वेळ गेल्यावर तो म्हणाला, "मावशी, समजा कुणी ऑनलाइन काहीतरी बोललं. जोक म्हणून. आणि आपण ते सांगितलं. तर त्याचं काय होतं?"

"तो जोक आहे असं तुला वाटतं का?"

"माहीत नाही. तेच तर माहीत नाही."

"मला दाखवशील?"

"ते माझ्या फोनमध्ये आहे," तो म्हणाला. "आणि फोन बाबांच्या कपाटात आहे."

त्या संध्याकाळी समीरने कपाट उघडलं. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अॅपवर गेम खेळणाऱ्या मुलांचा एक ग्रुप होता. त्यातल्या दुसऱ्या राज्यातल्या एका मुलाने रात्री उशिरा लिहिलं होतं की थोड्याच दिवसांत माझी शाळा बातम्यांत येईल. खाली कवटीची इमोजी. दुसऱ्या दिवशी फोटो: निळ्या चादरीवर ठेवलेलं पिस्तूल. त्यावर बाकीच्यांचे हसण्याचे इमोजी. अर्णव हसला नव्हता. त्याने स्क्रीनशॉट काढून ठेवले होते आणि बाबांना कसं सांगावं याचा विचार करत होता. तेवढ्यात फोन गेला, कडीही गेली. आपण काही बोललो तर आपल्यालाच 'तसा' समजतील, हे त्याने त्यावरून ताडलं आणि तोंड मिटून घेतलं.

आम्ही त्याच रात्री स्थानिक पोलिसांना आणि एफबीआयला कळवलं. पुढे त्यांनी फार काही सांगितलं नाही, सांगणारही नव्हते. एवढंच कळलं की मुलगा सापडला, घरात बंदूक होती ती आता तिथे नाही, आणि त्याच्यावर उपचार सुरू झालेत. त्याने खरंच काही केलं असतं का, हे कुणीच सांगू शकणार नाही.

पालकांनी माझ्याकडून एकच गोष्ट घेऊन जायची असेल तर ती ही. सीक्रेट सर्व्हिसच्या त्याच अहवालात ८१ टक्के घटनांत हल्ल्याचा बेत आधीच कुणालातरी माहीत होता, आणि माहीत असणारी जवळजवळ सगळी मुलंच होती. मित्र, वर्गातली मुलं, भावंडं. याच संस्थेने २०२१ मध्ये वेळीच उधळल्या गेलेल्या ६७ कटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथेही बहुतेकदा कुण्या मुलाने तोंड उघडलं म्हणून पुढचा अनर्थ टळला होता. या देशात सुमारे पाच कोटी मुलं सरकारी शाळांत जातात. तुमचा मुलगा हल्लेखोर असण्याची शक्यता नगण्य आहे. त्याच्या स्क्रीनवर कुणाचं तरी असं वाक्य येऊन पडण्याची शक्यता मात्र त्याहून कितीतरी मोठी आहे. तेव्हा 'हा तसा आहे का' यापेक्षा 'असं काही दिसलं तर हा माझ्याकडे येईल का' हे स्वतःला विचारा. मुलाला सगळ्यात जास्त भीती फोन जाण्याची असेल, तर तो येणार नाही.

म्हणून मी पालकांना शब्द द्यायला लावते. "तू ऑनलाइन बघितलेलं काहीही मला दाखवलंस, तर त्यासाठी तुझा फोन जाणार नाही." शब्द दिला की तो पाळायचा, पोट कितीही ढवळून निघालं तरी. रात्री फोन खोलीबाहेर चार्जिंगला लावायचा हा नियम वेगळा. तो घरातल्या सगळ्यांना, आईबाबांनाही. समीरला हे जड गेलं, पण आठवडाभरात त्याचाही फोन स्वयंपाकघरात झोपायला लागला. खोलीची कडी त्याने स्वतःच्या हाताने परत बसवली.

अर्णव पुढचे कित्येक दिवस अस्वस्थ होता. "मी त्याचं आयुष्य बरबाद केलं का?" मी त्याला आत्महत्येच्या विचारांचा तो ७८ टक्क्यांचा आकडा सांगितला, आणि मिशिगनमधल्या ऑक्सफर्डची हकिगतही. ३० नोव्हेंबर २०२१. पंधरा वर्षांच्या मुलाने वर्गात कागदावर बंदुकीचं चित्र काढून लिहिलं होतं की विचार थांबत नाहीत, मला मदत करा. शाळेने आईवडिलांना बोलावून घेतलं. ते त्याला घरी न नेता कामावर परत गेले, दप्तर कुणी उघडून बघितलं नाही, आणि काही तासांत चार मुलं गेली. बंदूक वडिलांनी चारच दिवसांपूर्वी घेतलेली होती. २०२४ मध्ये आई आणि वडील दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. "त्या मुलाचं कुणी ऐकलं नाही," मी म्हणाले. "तू तुझ्या मित्राचं ऐकलंस." अर्णव रडला. मी त्याला रडू दिलं.

शाळेत सांगितलं की पोलीस मुलाला बेड्या घालून नेतात, हीही एक भीती असते. न्यू जर्सीत २०२३-२४ च्या शैक्षणिक वर्षापासून कायद्यानेच शाळांमध्ये थ्रेट असेसमेंट टीम नेमलेल्या आहेत. रागाच्या भरात फेकलेलं वाक्य आणि खरोखरचा बेत यांतला फरक तपासणं आणि मुलाला मदत मिळवून देणं, हे त्यांचं काम. हल्ल्याची उघड धमकी असेल तर मात्र वाट बघायची नाही, पोलिसांना फोन करायचा. मूल स्वतःला संपवण्याचं बोलत असेल तर ९८८ वर फोन किंवा मेसेज करता येतो, देशात कुठूनही, दिवसरात्र.

शेवटच्या भेटीत मृणाल म्हणाली, "आपल्या घरात बंदूक नाही, ते एक बरंय." मी तिला विचारलं, अर्णव ज्यांच्याकडे रात्री राहायला जातो, त्यांच्या घरात? तिला माहीत नव्हतं. आपल्याकडच्या लोकांना हे विचारणं उद्धटपणाचं वाटतं, पण या देशात ते विचारावंच लागतं. आम्ही माझ्या ऑफिसात बसूनच मेसेज लिहिला: अर्णवला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे, आणि घरात बंदूक असेल तर ती कुलपात आहे ना, एवढं कळवाल का? दहा मिनिटांत त्या बाईंचं उत्तर आलं. बंदूक आहे, तिजोरीत आहे, गोळ्या वेगळ्या ठेवतो, आणि विचारलंत ते फार बरं केलंत, आम्हीही आता इतरांना विचारत जाऊ. शनिवारी अर्णव तिकडे राहायला गेला.