टाचेची नस दुखावली आहे, बीपीसी-१५७ घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की पोलीस भरतीच्या तयारीत टाचेमागची नस (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा जाड दोर, अॅकिलीस टेंडन) धरली आहे, जिममधला दादा बीपीसी-१५७ नावाचं पेप्टाइड (प्रथिनासारखी छोटी साखळी) घे म्हणतो, तर डोस किती आणि किती दिवसांत पळता येईल. डोस मी सांगणार नाही. माणसासाठी ठरलेला डोसच नाही. व्हॉट्सअॅपवर जे तक्ते फिरतात ते उंदरांवरचे आकडे आणि एकमेकांचं बघून केलेले आहेत.

मी यवतमाळ जिल्ह्यात क्रीडाशिक्षक आहे, पहाटे भरतीच्या पोरांना पळवतो. तुमचा हा प्रश्न माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात येऊन गेलाय, म्हणून उत्तर लांबणार आहे.

भाचा १६०० मीटरची तयारी करत होता. ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत आलं की २० पैकी २०, हे तुम्हाला माहीतच आहे. आमच्याकडचं ग्राउंड म्हणजे काळी माती, उन्हाळ्यात भेगा आणि पावसाळ्यात घोट्यापर्यंत चिखल, म्हणून सगळी पोरं डांबरी रस्त्यावर पळतात. त्याच्या टाचेच्या जरा वर नस जाड झालेली हाताला लागायची. सकाळी उठला की पहिली पावलं भिंत धरून टाकायचा. थोडं चाललं की दुखणं दबायचं, की हा परत रस्त्यावर.

एक दिवस बहिणीकडे गेलो, पाण्यासाठी फ्रीज उघडला. भाजीच्या कप्प्यात सांभाराच्या जुडीखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बारक्या काचेच्या बाटल्या. रबरी बूच, तळाशी चिकटलेली पांढरी चकती, सोबत इन्सुलिनच्या सुया. लेबलवर बारीक इंग्रजीत छापलेलं: फक्त संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही. बनवणाऱ्याचा पत्ता नाही, औषध परवान्याचा क्रमांक नाही. एक क्विंटल कापसाचे पैसे भाऊजींनी त्यात घातले होते. पाणी मिसळल्यावर हे २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, आणि आमच्या गावात मे महिन्यात दुपारची लाइन किती वेळ असते ते इथल्या माणसाला सांगायची गरज नाही. आत नेमकं काय आहे, ते जंतुविरहित आहे का, हे भाच्याच्या जिमवाल्यालाही माहीत नव्हतं. तो तेच नसेच्या शेजारी टोचायला सांगत होता.

आता त्या पदार्थाबद्दल. बीपीसी-१५७ म्हणजे १५ अमिनो आम्लांची कृत्रिम साखळी. जठरातल्या रसात सापडणाऱ्या प्रथिनाचा हा तुकडा, असं त्याचे संशोधक सांगतात. बहुतेक काम क्रोएशियातल्या झाग्रेब विद्यापीठात, प्रेद्राग सिकिरिच यांच्या गटाचं. उंदरांमध्ये नस, स्नायू, आतडी लवकर भरून आल्याचे त्यांचे निष्कर्ष आहेत, ते मी खोटे म्हणत नाही. पण त्या प्रयोगात उंदराची धडधाकट नस ब्लेडने कापतात आणि ती कशी जुळते ते बघतात. तुमची नस कुणी कापलेली नाही. ती महिनोनमहिने डांबरावर आपटून आतून झिजली आहे. हे दोन वेगळे आजार आहेत, आणि पेप्टाइड विकणारा एकही माणूस हा फरक सांगत नाही. माणसांवर २०१५ मध्ये एक छोटी चाचणी नोंदवली गेली होती, तिचे निकाल छापूनच आले नाहीत. गुडघ्यात इंजेक्शन दिलेल्या मोजक्या रुग्णांची एक नोंद आहे, त्यात तुलनेला दुसरा गट नाही. वाडाने, म्हणजे खेळातल्या उत्तेजकांवर नजर ठेवणाऱ्या जागतिक संस्थेने, २०२२ पासून हे नाव घेऊन बंदीच्या यादीत टाकलंय. टीबी-५००, जे याच्याच जोडीला विकतात, तेही त्या यादीत आहे. कबड्डी किंवा अॅथलेटिक्समध्ये वर जायचं असेल तर हे लक्षात ठेवा.

मी त्या बाटल्या भाऊजींसमोर ठेवल्या. ते म्हणाले, "मास्तर, तुमची नोकरी पक्की आहे, तुमाले थांबा म्हनणं सोपं जाते. माह्या पोराचं वय थांबून राह्यते का?" वयाची मर्यादा खुल्या गटाला २८, मागासवर्गीयांना ३३. बापाची ही तगमग मला कळते. पण मी भाच्याला पळणं बंद करायला लावलं आणि व्यायाम सुरू केला.

व्यायाम साधा आहे. स्वीडनचे डॉक्टर हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये तो छापला. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, दुखऱ्या पायाची टाच सावकाश पायरीच्या खाली सोडायची, वर येताना चांगल्या पायाचा जोर लावायचा. गुडघा सरळ ठेवून १५-१५ चे तीन सेट, गुडघा किंचित वाकवून तेवढेच. दिवसातून दोनदा, १२ आठवडे. सोपं वाटायला लागलं की पाठीवर वजन. भाचा हे ग्रामपंचायतीच्या पायरीवर करायचा, दप्तरात विटा भरून. लोक बघायचे. सुरुवातीला दुखतं, आणि इथंच पोरं सोडतात. खाली जाताना नसेवर जो सावकाश ताण पडतो त्यानेच तिचे तंतू हळूहळू बळकट होतात. नुसतं पडून राहिलं तर ती अजून कच्ची होते.

त्याच जिमच्या दुसऱ्या पोराने इंजेक्शनं घेतली, त्याला "फरक पडला". तो त्या काळात पळालाही नव्हता. मग विश्रांतीचं श्रेय बाटलीला का द्यायचं? भाऊजी अजून त्याचंच उदाहरण देतात. त्या वर्षीची भरती आमच्या पोराची गेली, हे खरं आहे. पण ती माझ्यामुळे नाही, लंगडत पळून त्याने तशीही गमावलीच असती. पुढच्या वेळी मैदानात त्याने १६०० मीटरचे पूर्ण गुण घेतले, नस दुखली नाही. लेखीत थोडक्यात हुकला. लेखीत हुकण्याशी टाचेचा काय संबंध, भाऊजी? हे उत्तर तुमच्या मोबाइलवर पोचेल हे माहीत आहे, म्हणून इथेच लिहितो: पोरावर पैसे खर्च करायचे होते तर चांगले बूट घ्यायचे होते आणि यवतमाळला फिजिओथेरपिस्टकडे न्यायचं होतं. मी तेव्हाही हेच म्हणालो होतो.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. हे पेप्टाइड नव्या रक्तवाहिन्या वाढवतं असं प्राण्यांत दिसलंय. कर्करोगाच्या गाठीलाही रक्तवाहिन्या लागतात, त्यामुळे घरात कर्करोगाचा इतिहास असेल तर याच्या वाटेलाच जाऊ नका. माणसात तसं घडल्याचा पुरावा मात्र नाही, तेही सांगून ठेवतो. हगवण लागल्यावर गावातला डॉक्टर सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिन लिहून देत असेल तर नस दुखते हे त्याला आधी सांगा, त्या गोळ्यांनी नस तुटू शकते. नसेत थेट स्टेरॉइडचं इंजेक्शनही घेऊ नका. नस जिथे टाचेच्या हाडाला चिकटते तिथेच दुखत असेल तर पायरीखाली टाच सोडू नका, सपाट जमिनीवर करा. आणि पळताना मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं असेल, चवड्यावर उभं राहता येत नसेल, तर नस तुटलेली असू शकते. मग व्यायामाच्या भानगडीत न पडता त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरला दाखवा.