पेडल समेवर पडू दे

प्रिय पोरी,

लूपरवर, म्हणजे वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवणाऱ्या पेडलवर, केलेलं तुझं रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. एकावर एक सात थर आहेत, सातही सुरेख वाजवलेस. पण माझा पाय एकदाही हलला नाही.

दुखणं सातव्या थरात नाही, पहिल्यात आहे. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत चार बारची लूप, म्हणजे चार-चार ठोक्यांचे चार गट, ८ सेकंदांची होते. पेडल दाबून ती जोडून घ्यायला तू पाव सेकंद तरी उशीर केलास, म्हणजे अर्धा ठोका. तबल्यावर असं झालं तर पुढच्या आवर्तनात सावरून घेता येतं. लूपर मात्र ती चूक जपून ठेवतो आणि दर फेरीला ऐकवतो. एका कॉलेजच्या कार्यक्रमात माझी लूप अशीच लंगडली होती. नाचणारी पोरं दर वेळी त्याच जागी अडखळायची, आणि मी शहाणा ते झाकायला वर आणखी थर चढवत होतो.

सोळा ठोके संपले म्हणून हात थांबवतेस, तिथेच घोळ होतो. थांबू नकोस. सतरावा ठोका, म्हणजे पुढची सम, नव्या फेरीचा पहिला ठोका, वाजवता वाजवताच पाय टाक. तिहाईचा, म्हणजे तीनदा वाजवून समेवर आणलेल्या तुकड्याचा, शेवटचा धा पडतो तिथे पेडल पडलं पाहिजे. बऱ्याच लूपरांत क्वांटाइझ असतं, ते लूपची लांबी बारला बसवून देतं. कार्यक्रमात खुशाल लाव, त्यात लाज कसली? रियाजात मात्र बंद ठेव.

आता पहिल्या थरात काय असावं? तुला केरवा ताल येतो, मग बाहेर कुठे शोधतेस? त्याच्या आठ मात्रा एका बारमध्ये बसव. १, ३, ५, ७ वर किक, म्हणजे ड्रमचा जाड ठोका, २, ४, ६, ८ वर हाय-हॅट, म्हणजे झांजेचा बारीक आवाज. झाला हाउस या नाचाच्या संगीताचा ठेका. बास, म्हणजे खालच्या सुरांची ओळ, किकच्या डोक्यावर आपटू नकोस. पहिल्या मात्रेला त्याला गप्प बसव, दुसरीवर येऊ दे. नाचणारा त्या फटीतच पाय उचलतो. तुझ्या पहिल्या थरात फटच नव्हती, मग पुढचे सहा थर जाणार कुठे?

आणखी एक. तुझ्या पेडलला एकच ट्रॅक आहे आणि अनडू केलं, म्हणजे मागे घेतलं, की फक्त शेवटचा थर जातो. खाली गाडलेला बास मग काढता येत नाही. बॉस कंपनीचा २०१३ साली आलेला आरसी-५०५ लूपर लोक घेतात तो त्याच्या पाच स्वतंत्र ट्रॅकसाठी. तू इतक्यात पैसे घालू नकोस. लूपमध्ये किक आणि हाय-हॅट एवढंच ठेव, बास हातानेच वाजव. हवा तेव्हा थांबवता येईल.

थांबवणं महत्त्वाचं आहे, कारण नाच चढतो तो काढून घेतल्यावर. लावणीत ढोलकी क्षणभर गप्प होते, नुसते चाळ ऐकू येतात, आणि ढोलकी परत समेवर पडली की शिट्ट्या येतात. तसंच आठ बार किक काढून बघ. सोळा बार काढलीस तर लोक पाणी प्यायला जातील.

हे परक्या यंत्राचं काम आहे असं तुझे गुरुजी म्हणतात ना? त्यांना टेरी रायलीबद्दल सांग. १९६० च्या दशकात दोन टेपरेकॉर्डरमधून एकच टेप फिरवून लूप करणारा हा अमेरिकन संगीतकार पुढे किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांकडे गाणं शिकायला बसला. आणि गुरुजींच्या सोलोला मागे तीच धून फिरवत राहणारा लेहरा असतो, तो तरी काय असतो?

शनिवारी ये. सात थर नकोत, दोनच आण, पण पाच मिनिटं मला खुर्चीत बसू देऊ नकोस. ॲडॉप्टर विसरू नकोस, मागच्या वेळी माझा जाळलास.

तुझा,
दादा