डोळ्याची उंची आणि क्षितिज : वाचकांचे प्रश्न

ब्रह्मगिरीवरून समुद्र दिसतो असं काही ट्रेकर सांगतात. हे शक्य आहे का? (सातपूर)

हिशेबाने शक्य आहे. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून ३.८६ने गुणलं की क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. प्रकाश हवेतून येताना थोडा वाकतो, तो परिणाम यात धरलेला आहे. निव्वळ भूमितीने हा आकडा ३.५७ येतो. ब्रह्मगिरी सुमारे १३०० मीटर, वर्गमूळ ३६, म्हणजे क्षितिज १३९ किलोमीटरवर. डहाणूचा किनारा सरळ रेषेत ८५ किलोमीटरच्या आसपास आहे आणि जव्हारचं पठार या दृष्टिरेषेच्या खालीच राहतं. खरी आडकाठी हवेतल्या धुरकटपणाची. पाऊस पडून गेल्यावर हवा धुतलेली असताना, सूर्य पश्चिमेला कलल्यावर पाण्याची चमक शोधा. नुसता करडा पट्टा दिसला तर तो बहुधा धुक्याचा असतो.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. गंगापूर धरणाच्या काठावर सेक्स्टंटचा (सूर्याची क्षितिजापासूनची उंची कोनात मोजणाऱ्या उपकरणाचा) सराव करताना डिपसाठी (डोळा उंचावर असल्यामुळे मोजलेल्या कोनातून करायच्या वजावटीसाठी) हीच उंची धरायची का? (नाशिकरोड)

नाही. ज्या पाण्याची कड तुम्ही क्षितिज म्हणून वापरता, त्या पाण्यापासून डोळा किती वर आहे तेवढंच मोजायचं. डिप मिनिटांत (म्हणजे अंशाच्या साठाव्या भागांत) = १.७६ × मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ. ६०० मीटर धरलेत तर ४३ मिनिटं वजा होतील आणि तुमची स्थानरेषा (नकाशावरची, जिच्यावर तुम्ही कुठेतरी असता ती रेषा) सुमारे ४० सागरी मैल सरकेल.

धरणावर अडचण वेगळीच आहे. तीन मीटर उंचीवरून क्षितिज साडेतीन सागरी मैलांहून लांब असतं; पलीकडचा काठ त्याआधीच येतो. सेक्स्टंटमध्ये तुम्ही सूर्य टेकवता तो या काठावर, खऱ्या क्षितिजावर नाही. तिथे वेगळं सूत्र लागतं: ०.४१६ × काठाचं अंतर सागरी मैलांत, अधिक १.८६ × उंची भागिले तेच अंतर. काठ एक मैलावर असेल तर डिप ६ मिनिटं येते. नेहमीच्या सूत्राने ती फक्त ३ आली असती.

त्यापेक्षा घराच्या गच्चीवर कृत्रिम क्षितिज करा. उथळ थाळीत जाड इंजिन ऑइल ओता आणि ती वाऱ्याच्या आडोशाला ठेवा. तेलातलं सूर्याचं प्रतिबिंब आणि सेक्स्टंटमधला सूर्य एकमेकांना टेकवा. दोन्ही बाजूंच्या गडद काचा लावल्याशिवाय डोळा लावू नका, तेलातलं प्रतिबिंबही डोळ्याला इजा करण्याइतकं प्रखर असतं. मिळालेला कोन दुप्पट असतो, म्हणून आधी इंडेक्स एरर (सेक्स्टंटच्या शून्यातली चूक) लावा आणि मगच निम्मे करा. डिप इथे अजिबात लावायची नाही. सेक्स्टंटची पट्टी साधारण १२० अंशांपर्यंत जाते, त्यामुळे सूर्य ६० अंशांच्या वर असताना हे जमत नाही. नाशिकला डिसेंबरात भर दुपारीही चालेल, उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ गाठा.

जहाजाच्या ब्रिजवर (जिथून जहाज चालवतात तिथे) डोळ्याच्या उंचीचा एक आकडा लिहून ठेवलेला असतो. तोच कायम वापरावा का? (सिडको)

नाही, आणि नव्या अधिकाऱ्यांची चूक इथेच होते. जहाजाचा न बदलणारा आकडा म्हणजे कीलपासून (जहाजाच्या तळाच्या कण्यापासून) डोळ्यापर्यंतची उंची. त्यातून त्या दिवशीचा ड्राफ्ट, म्हणजे जहाज पाण्यात किती मीटर बुडालंय तो आकडा, वजा करा. ब्रिज मागे असेल तर मागचा ड्राफ्ट धरा. समजा कीलपासून डोळा ३२ मीटरवर आहे. माल भरलेला असताना ड्राफ्ट १२, म्हणून उंची २० मीटर आणि डिप ७.९ मिनिटं. बॅलास्टवर (मालाऐवजी तोल राखायला पाणी भरलेलं असताना) ड्राफ्ट ७, उंची २५, डिप ८.८. रिकाम्या जहाजावर जुनाच आकडा वापरलात तर सूर्याचा उन्नतांश (क्षितिजापासूनची कोनातली उंची) ०.९ मिनिट जास्त येईल आणि स्थानरेषा तेवढेच मैल सूर्याच्या दिशेला ढकलली जाईल. डिप नेहमी वजाच होते, कारण क्षितिज डोळ्याच्या आडव्या पातळीच्या खाली असतं.

वर्गमूळामुळे कमी उंचीवरची चूक जास्त भोवते. २ मीटरऐवजी ४ धरलेत तर एक मिनिट जातं, २० ऐवजी २२ धरलेत तर जेमतेम पाव-अर्धं. छोट्या होडीवर उंची टेपने मोजाच.

क्षितिज धूसर असेल तर खालच्या डेकवर उतरा, ते जवळ येतं आणि कड स्पष्ट होते. लाटा मोठ्या असतील तर मात्र वर चढा, नाहीतर जवळच्या लाटेचा माथाच क्षितिज वाटेल. तांबडा समुद्र आणि इराणच्या आखातात हवा व पाण्याच्या तापमानातल्या फरकाने डिप कोष्टकाशी जुळेलच असं नाही. तिथे एका निरीक्षणावर विसंबू नका.

रडारचं क्षितिजही तेवढंच असतं का? (सिन्नर)

किंचित लांब. क्षितिज सागरी मैलांत काढताना मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ डोळ्यासाठी २.१ने गुणतो, रडारसाठी २.२ने, आणि उंची अँटेनाची घ्यायची.

दीपगृहाचा दिवा किती अंतरावर दिसू लागेल हे कसं काढायचं? (देवळाली कॅम्प)

दोन क्षितिजांची बेरीज करा. दिवा ३६ मीटरवर, डोळा १६ मीटरवर: २.१ × (६ + ४) = २१ सागरी मैल. पण दिव्याची प्रकाशक्षमता १५ मैलांचीच असेल तर साधारण हवेत तो २१ मैलांवरून दिसणार नाही. दोन्हींतला लहान आकडा घ्या. आधी आकाशात त्याची आभा दिसते, तिच्यावरून अंतर काढू नका. दिवा थेट दिसला की गुडघे वाकवून डोळा खाली न्या. तो बुडाला आणि उभं राहिल्यावर पुन्हा वर आला, तर तो क्षितिजावरच आहे; तेव्हा घेतलेलं बेअरिंग (होकायंत्रावरची दिव्याची दिशा) आणि हे अंतर मिळून ढोबळ स्थान मिळतं.

नकाशावरची दिव्याची उंची उधाणाच्या सरासरी भरतीपासून दिलेली असते. खंबातच्या आखातात पाणी १० मीटर उतरलं, तर ३६ मीटरचा दिवा पाण्यापासून ४६ मीटरवर जातो आणि दीड मैल आधीच दिसतो. त्या किनाऱ्याला जाताना भरतीचं कोष्टक आधी उघडा, मग बेरीज करा.