कार्बन करारावरील दोन सह्या आणि ग्रामसभेचा हक्क

आपल्या पत्रानुसार गडचिरोली जिल्ह्यातील आपल्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळालेला आहे. एका कंपनीच्या मध्यस्थाने वन व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष व सचिवांकडून ४० वर्षांच्या कार्बन क्रेडिट (जंगलात जादा साठलेल्या कार्बनच्या बदल्यात मिळणारी, विकता येणारी प्रमाणपत्रे) करारावर सह्या घेतल्या असून आगाऊ रक्कमही समितीच्या खात्यात भरली आहे. हा करार गावावर बंधनकारक आहे काय, असे आपण विचारता.

माझ्या मते नाही. वनहक्क अधिनियम, २००६ च्या कलम ३ नुसार जंगल राखण्याचा व त्याचे व्यवस्थापन करण्याचा हा हक्क गावसमुदायाचा असून त्याविषयीचे निर्णय ग्रामसभेने घ्यायचे असतात. समिती तिच्या वतीने काम पाहते, एवढेच. शिवाय कलम ४(४) प्रमाणे हा हक्क वारसाने मिळतो, पण हस्तांतरित करता येत नाही. त्यामुळे करारातील, चराई आणि तेंदू-बांबूचे संकलन बंद ठेवून जंगलाचे निर्णय कंपनीकडे सोपवणारी अट म्हणजे नाव बदलून केलेले हस्तांतरणच होय, आणि बेकायदेशीर उद्देशाचे करार रद्दबातल ठरवणाऱ्या करार अधिनियम, १८७२ च्या कलम २३ खाली तिला आव्हान देता येते.

मला अधिक काळजी वाटते ती करारातील, प्रकल्प नसता तर गावकऱ्यांच्या वापरामुळे हे जंगल नष्ट झाले असते, या विधानाची. क्रेडिट मिळवण्यासाठी प्रकल्पामुळे जादा कार्बन साठला असे दाखवावे लागते, म्हणून ते तेथे आले आहे. परंतु गावाने हे जंगल परंपरेने राखले, याच आधारावर आपला हक्क मान्य झाला आहे. त्याच्या उलट दिलेली लेखी कबुली उद्या आपल्याच विरुद्ध पुढे केली जाईल. राखलेल्या जंगलाबद्दल गावाला पैसा मिळावा, यास माझी हरकत नाही. त्यासाठी राखणाऱ्यांनीच स्वतःला जंगलतोडे ठरवून घेणे मात्र मला मान्य नाही.

आता ग्रामसभा बोलवा. निम्म्या सदस्यांची गणपूर्ती व उपस्थितांत किमान एक-तृतीयांश महिला असल्याची नोंद इतिवृत्तात घेऊन करार अमान्य असल्याचा ठराव करा, तो कंपनीस नोंदणीसह स्पीड पोस्टने पाठवा आणि प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय वनहक्क समितीला द्या. आगाऊ रकमेतील एक रुपयाही खर्च न करता ती बँकेमार्फत परत करा, अन्यथा ग्रामसभेने करार मूकपणे स्वीकारला असा युक्तिवाद होईल. अधिनियमात कार्बनचा उल्लेखच नसल्याने ‘सर्व कार्बन हक्क’ अशी मोघम शब्दरचना पुढेही लिहून देऊ नका. नवा मसुदा आलाच, तर तो मराठीत मागा आणि वाद झाल्यास लवाद कोणत्या शहरात बसेल, ती अट आधी वाचा.