पहिलीतल्या मुलाला चुंबकीय बल आणि स्थितिस्थापक बल कसं समजावून सांगावं?

तुम्ही लिहिलंय की मुलाला 'बल म्हणजे ढकलणं किंवा ओढणं' हे पाठ आहे, पण चुंबकाच्या आणि रबराच्या बलात (ताणलेली वस्तू मूळ आकारात यायला ओढते, ते स्थितिस्थापक बल) फरक काय, ते सांगता येत नाही. मी बरीच वर्षं याच वयाच्या मुलांना शिकवते. व्याख्या थोडे दिवस बाजूला ठेवा. या वयात बल आधी हाताला कळतं, शब्द मागाहून येतात.

रबरबँड त्याच्या दोन्ही हातांच्या बोटांत अडकवा आणि हळूहळू ताणायला सांगा. "कोण ओढतंय?" बहुतेक मुलं म्हणतात, "मी!" मग म्हणा, आता हात सैल सोड. हात आपोआप जवळ येतात, आणि रबरही आपल्याला ओढत होतं हे त्याला उमगतं.

आता टाचणीला दोरा बांधा, दोऱ्याचं दुसरं टोक चिकटपट्टीने टेबलाला चिकटवा. वर चुंबक असा धरा की टाचणी उभी राहील, पण चुंबकाला टेकणार नाही. दोरा ताठ, टाचणी हवेत किंचित थरथरतेय, मध्ये काहीच नाही! त्या फटीतून कागद सरकवा. टाचणी तशीच. मग चुंबक केसभर वर, आणखी केसभर... आणि टाचणी टपकन पडते. मुलं हे वीस-वीस वेळा करतात. करू द्या, कारण खरा फरक इथेच हाताला लागतो: रबर जितकं लांब ताणावं तितकं जास्त जोरात ओढतं, चुंबक जितका लांब न्यावा तितकी त्याची ओढ कमी होते. चुंबकाला स्पर्श लागत नाही हा फरकही सांगाच, पण मला पहिला जास्त मोलाचा वाटतो. जोर वाढला की ताणही त्याच प्रमाणात वाढतो, हा स्प्रिंगचा नियम रॉबर्ट हूकने १६७८ साली मांडला. तो फार ताणलेल्या स्प्रिंगला लागू होत नाही. पेनातली जुनी स्प्रिंग मुद्दाम खूप ताणून दाखवा, ती लांबुडकीच राहते.

'काय चिकटतं' हा खेळ खेळताना वस्तू लावण्याआधी अंदाज विचारा. चकाकणारं सगळं चिकटणार, अशी मुलांची खात्री असते. तांब्याची तार चिकटत नाही, अ‍ॅल्युमिनियमचा कागदही नाही. लोखंड, निकेल, कोबाल्ट चिकटतात. स्टीलच्या दोन चमच्यांपैकी एखादा चिकटत नाही, कारण स्टेनलेस स्टीलचे प्रकार वेगवेगळे असतात.

एक गोष्ट कळकळीने सांगते: गोळीएवढे छोटे, ताकदवान चुंबक मुलांच्या हाती देऊ नका. दोन गिळले गेले तर आतड्याच्या भिंती मध्ये चिमटून इजा होते. असं झालं तर वाट न बघता दवाखाना गाठा.

शेवटी दोन मोठे कडीचुंबक, सारखे ध्रुव समोरासमोर ठेवून, उभ्या पेन्सिलीत ओवा. वरचा तरंगतो. बोटाने दाबला की उसळी मारतो. "आत स्प्रिंग आहे!" असं एका मुलीने मला ठामपणे सांगितलं होतं. मी चूक म्हटलं नाही, पेन्सिल काढून बघ म्हटलं. तिने काढली, तशी वरची कडी गर्रकन उलटली आणि खालचीला खाटकन चिकटली. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने दोन्ही कड्या सोडवल्या, एक उलटी केली आणि पुन्हा पेन्सिलीत ओवायला बसली.