बाळ तीन महिन्यांचं आहे, जर्मनीला जायच्या आधी पासपोर्ट मिळेल का? मी लग्नानंतर आडनाव बदललेलं नाही, त्याने अडेल का?

मिळेल. आणि आडनावाने काही म्हणजे काही अडत नाही, कारण याच एका गोष्टीवरून मी माझ्या अख्ख्या बाळंतपणात ऐकून घेतलंय.

मी पण नाव बदललं नाही. पासपोर्ट, पॅन, बँक सगळीकडे माहेरचंच. मुलगी झाली आणि थोड्याच दिवसांत नवऱ्याला कंपनीने श्टुटगार्टला पाठवायचं ठरवलं, की लगेच सासरे म्हणाले आता बघ, आईचं आडनाव एक, बापाचं एक, पोरीचा पासपोर्ट लटकणार. नणंदेने तर ओळखीचा एजंटच शोधून ठेवला. तो म्हणे आधी वहिनींचं नाव गॅझेटला देऊन बदलू, मग त्यांचा पासपोर्ट रिइश्यू करू, मग बाळाचा बघू, म्हणजे याची बिलं तीन. मी नको म्हटलं तर "हिला कायम स्वतःचंच खरं करायचं असतं".

आणि शेवटी अडलं कशावर? बाळाच्या नावावर! बाळंतपण माहेरी, सांगली जिल्ह्यात. हॉस्पिटलने जन्माची नोंद २१ दिवसांच्या मुदतीत करून टाकली पण नावाची जागा कोरी, कारण बारसं झालं नव्हतं, आणि बारसं आत्याशिवाय कसं करायचं, आणि आत्याबाईंना नागपूरहून यायला सवड होईना. त्यात पत्रिकेतलं अक्षर वेगळं, यांच्या मनातलं नाव वेगळं, मग कुणा अंकशास्त्रवाल्याने स्पेलिंगमध्ये एक ए जास्तीचा घालायला सांगितला. मी म्हटलं पाळण्यात काय हवं ते ठेवा, दाखल्यावर साधं स्पेलिंग जाणार. तेच गेलं, पण तोपर्यंत दाखला हातात यायला इतका उशीर झाला की नवरा तिकिटांचे भाव बघून रोज रात्री उसासे टाकायचा.

तर तुम्ही आधी दाखला काढून बघा, त्यावर बाळाचं नाव आहे का. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा नंतर जन्मलेल्या मुलांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून निबंधकाचा जन्मदाखलाच लागतो, हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड नाही, आधार नाही. नाव नोंदणीनंतर वर्षाच्या आत फुकटात टाकून मिळतं, पण एकदा टाकलं की बदलणं महाकटकट, त्यामुळे इंग्रजी स्पेलिंग अक्षरन् अक्षर वाचून घ्या. फॉर्ममध्ये तेच, व्हिसाला तेच, तिकिटावर तेच.

केंद्रात काय झालं ते सांगते, कारण त्यासाठीच एवढं टाइप करतेय. आम्ही पुण्यात मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात गेलो, दोघांचे ओरिजिनल पासपोर्ट आणि दोघांच्या सह्यांचं अॅनेक्शर डी, म्हणजे बाळाच्या पासपोर्टला आईबापांची संमती असल्याचा फॉर्म, घेऊन. माझ्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव नाही म्हणून विवाह नोंदणीचा दाखला पण नेला होता. कागद तपासणाऱ्या बी काउंटरवरच्या बाईंनी दाखला बघितला, पोरीकडे बघून हसल्या, म्हणाल्या मंजुरीसाठी सी ला जा. आडनावाचा विषयसुद्धा निघाला नाही. सासरे बाहेर गाडीत फायली मांडीवर घेऊन बसले होते, लागल्या तर असाव्यात म्हणून.

तत्काळच्या नादी लागू नका. २,००० रुपये जास्तीचे जातात आणि आईबाप दोघांचे पासपोर्ट चालू असतील तर बाळाला सहसा पोलीस व्हेरिफिकेशन लागतच नाही, त्यामुळे नॉर्मलही पटकन येतो. साधी फी १,००० आहे, ८ वर्षांखालच्यांना त्यात १० टक्के सूट. पासपोर्ट ५ वर्षांचाच मिळतो. एजंटला यात करण्यासारखं काही नाहीये, फॉर्म तुम्हीच भरायचा, जायचं पण तुम्हीच, मग तो पैसे कशाचे घेतो? फक्त साइट सरकारी आहे ना ते बघा, हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइट्स बऱ्याच आहेत.

फोटो मात्र घरूनच न्यायचा, ४ वर्षांखालच्या मुलांचा तिथे काढत नाहीत. साडेचार बाय साडेतीन सेंटीमीटर, मागे पांढरं, डोळे उघडे. पांढऱ्या चादरीवर झोपवून वरून काढा, आणि दूध पाजायच्या आधी, नंतर डोळे उघडत नाहीत. काजळ आणि तीट पुसा, आजी काहीही म्हणू देत.

खरा वेळ जातो व्हिसाला. फिरायला जाताय की राहायला ते तुम्ही लिहिलेलं नाही. फिरायचा शेंगेन (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा छोट्या मुदतीचा व्हिसा) असेल तर ६ वर्षांखाली फी नाही आणि १२ खाली बोटांचे ठसे घेत नाहीत, राहायला जात असाल तर नॅशनल, म्हणजे जर्मनीचा लांब मुदतीचा व्हिसा, त्याचं सगळं वेगळं. दोन्हीकडे बाळाचा स्वतःचा पासपोर्ट हवाच.

हां, एक राहिलं. हे सगळं दोघं इथे असाल आणि दोघांचे पासपोर्ट व्हॅलिड असतील तर. तुम्ही वेगळे राहत असाल किंवा एकाची संमती नसेल तर डी ऐवजी अॅनेक्शर सी, म्हणजे एकाच पालकाने द्यायचा फॉर्म. आणि बाळाचे बाबा आधीच तिकडे पोचले असतील तर त्यांचं प्रतिज्ञापत्र तिथल्या भारतीय वकिलातीकडून साक्षांकित करून लागेल. तसं असेल तर त्यांना आजच फोन करून कामाला लावा.